पान ११७

गेल्या शनिवारी डोंबिवलीत, भर वाचनालयात, मी पकडला गेलो. गुन्हा एवढाच, की ६४८ पानांची एक कादंबरी मी न संपवता गुपचूप परत करत होतो. काउंटरवरच्या बाईंनी ती उघडली आणि उघडली ती नेमकी पान ११७ वर, कारण तिथे खुणेसाठी मी माझा रक्ततपासणीचा रिपोर्ट घडी करून ठेवला होता.

तो रिपोर्ट माझ्या मागच्या काकांनी उचलला. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, कानात यंत्र. यंत्र बंद असावं, कारण पुढचं सगळं संभाषण त्यांनी सुटलेल्या गाडीतल्या माणसाला निरोप सांगावा अशा आवाजात केलं.

"उपाशीपोटी १४८!"

वर्तमानपत्रं वाचणाऱ्या चौघांनी माना वर केल्या.

"खूण आहे ती," मी म्हणालो.

"कशाची? डायबिटीसची?"

"नाही हो, पुस्तकातली. कुठवर वाचलं त्याची."

"मग ११७ वर कशी? संपवलीत ना?"

इथे खरं बोलायला काय हरकत होती? 'नाही, कंटाळलो.' संपला विषय. पण आमच्या घरात ताटात टाकणं आणि पोथी अर्धी सोडणं ही दोनच पापं मोजली जात. आजी गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण करायची तेव्हा घरात कुणी मोठ्याने शिंकतही नसे. मधेच सोडलं तर काय होतं, हे तिने कधी सांगितलं नाही, त्यामुळे ते फारच भयंकर असणार अशी माझी खात्री झाली. पन्नाशी उलटली तरी पुस्तक अर्धवट मिटताना मला देवघराच्या दिशेने बघावंसं वाटतं. आमच्या देवघरात तर आता वायफायचा राऊटर आहे. त्यात काउंटरच्या वर पाटी: 'वाचाल तर वाचाल'. इतकी वर्षं मला तो सुविचार वाटत होता. त्या दिवशी धमकी वाटली.

"हो, संपवली," मी म्हणालो.

"छान! मग मला सांगा. मी २१२ वर सोडली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नंतर परत हात लावायचा धीर झाला नाही. ती थोरली काकू रात्री विहिरीवर गेली होती. तिचं काय झालं हो पुढे?"

काकू? ११७ पानांत मला कुठलीच काकू भेटली नव्हती. मला भेटला होता फक्त पाऊस. पान ६० ला सुरू झाला होता तो. कौलांवर, केळीच्या पानांवर, आठवणींवर, पूर्वजांवर. एक माणूस ओसरीवर उभा राहून तो बघत होता आणि त्याला ५७ पानं कुणी 'आत ये रे, भिजशील' असं म्हणालं नव्हतं.

"आली ती परत," मी म्हणालो.

"परत? पाय घसरला होता ना तिचा?"

"घसरला होता. पण सावरली."

"आणि जमिनीचा दावा?"

"लागला निकाल."

"कुणाच्या बाजूने?"

"तसा... दोघांच्याही."

काकांनी चष्मा काढला. "मी ३१ वर्षं दिवाणी कोर्टात होतो. शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. दोघांच्याही बाजूने निकाल मी पाहिला नाही. हुकूमनामा झाला की तडजोड?"

"तडजोड."

"तडजोड कुणी घडवून आणली?"

"काकूनेच."

हे मला स्वतःला इतकं आवडलं की मी सविस्तर सांगायला लागलो. काकू विहिरीवरून ओलेत्या लुगड्याने थेट पंचांसमोर येते, सगळा गाव स्तब्ध होतो, वगैरे. लेखकापेक्षा माझी कादंबरी नक्कीच बरी चालली होती. काकांचे डोळे पाणावले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून, स्पर्धा परीक्षेच्या जाडजूड पुस्तकातून मान न काढता, एक मुलगी म्हणाली,

"काकू बुडते, काका. पान २१३. आणि दाव्याचा निकाल लागतच नाही. तोच तर पॉइंट आहे."

आधी काकांचा चेहरा बघवेना. बिचारे एका पानासाठी राहिले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात?" फलाट दोनपर्यंत गेलं असेल.

मग मी, बुडत्याला काडी म्हणून, नॅन्सी पर्ल बाईंना मधे आणलं. अमेरिकेतल्या ग्रंथपाल. त्यांचा नियम असा, की ५० पानं वाचावीत, नाही रमलं तर खुशाल सोडावं. पन्नाशी ओलांडलेल्यांनी १०० मधून वय वजा करावं, उरतील तेवढीच पानं द्यावीत. माझं वय ५४. म्हणजे माझा हप्ता ४६ पानांचा, आणि मी भरली ११७. ७१ पानांचा तर ओव्हरटाइम झाला.

"तुमचं वय काय?" मी काकांना विचारलं.

"८२."

"मग तुम्हाला १८ पानं पुरेत."

"१८?" काकांनी पुस्तक हातात घेतलं. "अहो, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश आणि प्रस्तावना मिळून २६ पानं आहेत. म्हणजे कादंबरीच्या दारात चप्पल काढायच्या आतच परत फिरायचं?"

बाई हसल्या. सगळे हसले. मीही हसलो, पण मनापासून नाही.

कारण मला खरंच राग आला होता, आणि अजून आहे. काकांवर नव्हे. त्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर 'मराठी कादंबरीतला मैलाचा दगड' असं छापलंय. अहो, मैलाचा दगड रस्त्याच्या कडेला असतो. तो पिशवीत घालून रोज सव्वा तास लोकलमधून उभ्याने न्यायची वस्तू नाही. हे वाक्य लिहिणाऱ्याने तरी २१३ पर्यंत मजल मारली होती का? ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले, त्यातला चौथा म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. तो बिचाऱ्या ग्रंथपालांनी पाळायचा. प्रकाशकाच्या हापिसात तो कुणी टांगत नाही. तिथे एखाद्याने लाल पेन घेऊन ओसरीवरच्या माणसाला ५७ ऐवजी पाच पानांत घरात घेतलं असतं, तर माझ्यावर ही वेळ आली नसती. पैसे मोजायचे आपण, खांदा दुखवून घ्यायचा आपण, आणि कंटाळा आला तर आपलीच अभिरुची कमी. माझ्या आधी कुणीतरी या प्रतीत पेन्सिलीने ओळी अधोरेखित केल्यात. पान ३१ ला समासात 'अप्रतिम!' आहे. पान ८४ ला नुसतंच प्रश्नचिन्ह. त्यानंतर एकही रेघ नाही. त्या भल्या माणसाने पेन्सिल टाकली की पुस्तक, कळायला मार्ग नाही. पण त्याची साखर कुणी चारचौघांत वाचून दाखवली नसणार.

बाईंनी शिक्का मारला आणि पुस्तक माझ्याकडेच सरकवलं. "पंधरा दिवस वाढवून दिलेत. सावकाश संपवा." आजारी माणसाला पेज द्यावी तसा आवाज.

काकांनी माझा नंबर घेतला. काकू बुडते ते कळलं, पण ती इतक्या रात्री विहिरीवर गेलीच कशाला, हे त्यांना आता आठवत नाही. ते मी नीट वाचून सांगायचं. रोज रात्री साडेनऊला फोन येतो. काल मी पान १३१ वर होतो.

"निघाली का काकू?"

"नाही हो. अजून पाऊसच आहे."

"पडू द्या," काका म्हणाले. "२०० च्या आसपास उघडतो."