पेपरची गाडी सुसाट का जाते, ते एकदा ऐका

पेपरच्या गाडीला कुठं अपघात झाला की बातमीखाली ठरलेल्या कमेंट येतात. "रात्री मोकाट सुटतात हे." "प्यालेले असतात." "यांना लायसन कोण देतं?" मी कोल्हापूर-कोकण लाईनला बरीच वर्षं पेपरची पिकअप चालवतोय, त्यामुळं हे वाचून गप्प बसवत नाही. गाड्या जोरात पळतात हे खरं आहे. तळेऱ्याच्या पुढं महामार्गाला लागल्यावर काटा कुठं असतो ते इथं लिहीत नाही, घरची मंडळी फेसबुकवर आहेत. पण का पळतात ते बघायचं असेल तर रात्री बारानंतर पेपर छापणाऱ्या कुठल्याही प्लँटच्या गेटवर येऊन उभं राहा.

लोकांना वाटतं पेपर पहाटे छापतात. तसं नाही. लांबच्या गावांचा अंक, म्हणजे डाक आवृत्ती, आधी मशीनवर जाते आणि शहराचा अंक शेवटी. कुडाळच्या एजंटाला सव्वापाचच्या आत गठ्ठे पाहिजेत. त्यासाठी आमच्या गाडीनं एकच्या आत कोल्हापूर सोडायला पाहिजे. बालिंगा, कळे, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे, कणकवली, मग कुडाळ. मधल्या गावांत उतरायचं, ताडपत्री सोडायची, लेबल बघून गठ्ठा काढायचा, ठेवायचा, परत बांधायचं. भरतानाच शेवटच्या गावाचा गठ्ठा आधी आत टाकावा लागतो, नाहीतर वैभववाडीचे दोन गठ्ठे काढायला अख्खी गाडी रिकामी करायची पाळी येते. सोळा पानी अंक सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतो, शंभराचा गठ्ठा सहा-सात किलोचा. दिवाळीत पुरवण्या लागल्या की हेच वजन कंबर काढतं.

आता ही एकची वेळ मोडते कशी ते बघा. पान एकवर मोठी जाहिरात ऐनवेळी येते. कुणा पुढाऱ्याची सभा लांबते. छपाईची प्लेट बदलायची असते. मशीनवर कागद तुटतो. क्रिकेट तर विचारूच नका. २९ जून २०२४ ला भारतानं टी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा सामना संपायलाच साडेअकराच्या आसपास झाले. कप हातात घेतलेला फोटो पहिल्या पानावर पाहिजे म्हटल्यावर सगळं थांबलं. आम्ही पण गेटवर मोबाईलवर मॅच बघत होतो, ओरडलो, नाचलो, एकमेकांना मिठ्या मारल्या. पण गाडी उशिरा सुटली म्हणून कुडाळला कुणी "चला, वर्ल्ड कप आहे, सातला चालेल" म्हणालं नाही.

उशीर वर कुठंतरी होतो आणि भरून काढायचा रस्त्यावर. बातमीवाला म्हणतो, पाच मिनिटंच घेतली. जाहिरातवाला म्हणतो, दहाच. मशीनवाले म्हणतात, आम्हाला पानच उशिरा मिळालं. सगळ्यांची मिळून पाऊण तासाची उचल होते आणि ती फेडायला एकच माणूस उरतो, तोही अंधारात, घाटात.

यात अजून एक भर पडली आहे. खप कमी झाला तसे गठ्ठेही कमी झाले. पूर्वी एका पेपरची एक गाडी भरायची, आता एकाच गाडीत तीन-चार पेपर चढतात. पहिल्या पानावर एकमेकांची उणीदुणी काढणारे पेपर आमच्या पिकअपमध्ये एकमेकांच्या उरावर गुमान झोपून जातात. गंमत म्हणून ठीक आहे, पण वेळेचं गणित बघा. पहिल्या प्लँटचा माल साडेबाराला गाडीत येतो आणि चौथ्या प्लँटचा दीडला. म्हणजे जो पेपर वेळेत छापला तोही उशिरा पोचतो, आणि त्याचा एजंट फोन करून ओरडतो आम्हालाच. "काय ओ दादानू, आज पण लेट? पोरां गेली!" त्यांचं पण बरोबर आहे. लाईन टाकणारी, म्हणजे घरोघर पेपर वाटणारी पोरं शाळा-कॉलेजची असतात, सहाच्या पुढं थांबत नाहीत. अंक पडून राहिला की एजंटाचं नुकसान.

मग ठेकेदाराकडं तक्रार जाते आणि भाड्यातून पैसे कापले जातात. इथंच माझं खरं दुखणं आहे. प्लँटमधून बाहेर पडताना गेटपास मिळतो. त्यावर गाडीचा नंबर असतो, गावागावाचे गठ्ठे असतात, अंकांची संख्या असते. सुटायच्या वेळेचा रकाना पण असतो. पण आमच्या लाईनला त्यात रोज तीच ठरलेली वेळ पडते. बारा पंचेचाळीस. गाडी एक पस्तीसला निघाली तरी बारा पंचेचाळीस. गेटवरच्या माणसाला एकदा विचारलं, तर तो म्हणाला, "आण्णा, मला हेच लिहायला सांगितलंय." त्याच्यावर काय राग काढायचा? त्याचीही नोकरी तसलीच. म्हणजे कागदावर उशीर होतो तो फक्त रस्त्यावर. प्लँटमध्ये कधी उशीर झालेलाच नसतो.

आणि रस्ता कसला, तर गगनबावड्याचा. पावसाळ्यात कुंभी नदीला पाणी आलं की मांडुकलीला रस्ता पाण्याखाली जातो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच बंद पडला, तेव्हा कोल्हापूरचंच बेट झालं होतं, पेपरची काय कथा. २०२४ मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद केला, तेव्हा भुईबावडा घाटातनं जावं लागलं. अरुंद रस्ता, धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. खिडकीतनं मान बाहेर काढून कडेची पांढरी पट्टी बघत गाडी चालवायची. कधी वळणावर गवा उभा असतो. हॉर्न वाजवायचा नाही, लाईट मारायची नाही, त्याची मर्जी होईपर्यंत थांबायचं. पेपर उशिरा का आला याचं "गवा उभा होता" हे उत्तर एजंटाला खरं वाटत नाही.

पण मला विचाराल तर गव्यापेक्षा उसाची ट्रॉली वाईट. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की कळ्यापासून असळजपर्यंत एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लागलेल्या. मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर तो लोंबणाऱ्या उसानं आणि पाचटानं झाकलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यावर आला की मधली ट्रॉली नाहीशीच होते. दिसते तेव्हा आपण तिच्यापासून दोन हातावर असतो. आमच्यातल्या कितीतरी गाड्या अशाच ठोकल्या गेल्यात. इथं सावकाश जायला पाहिजे हे आम्हाला कळत नाही असं नाही. पण बारा पंचेचाळीसचा गेटपास खिशात घेऊन एक पस्तीसला निघालेला माणूस सावकाश जात नाही, एवढंच.

प्रवाशांचं पण बोलतो, कारण त्यावरूनही शिव्या खातो. रंकाळा स्टँडला रात्री एसटी चुकलेला विद्यार्थी, सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, पेशंटजवळ दुसऱ्याला बसवून गावाकडं निघालेला माणूस, कुणी मयताला निघालेलं. हे सगळे पेपरच्या गाडीची वाट बघत उभे असतात. मालवाहू गाडीत प्रवासी घेणं बेकायदा आहे, अपघात झाला तर त्यांना विमा मिळायचा नाही, हे आम्हाला माहीत आहे. तरी घेतो. भाडं खेपेवर ठरलेलं, डिझेल त्यातलंच, टायर त्यातलाच, आणि डिझेल वाढलं म्हणून खेपेचा दर लगेच वाढत नाही. पुढच्या सीटवरचे दोघे-तिघे जे देतात त्यात रात्रीचा चहा आणि वडा निघतो. शिवाय खरं सांगू का, शेजारी कुणी बोलत बसलं तर झोप येत नाही. पहाटे चारची ती वेळ फार वाईट असते. माव्याची पुडी पण तिथं हात टेकते.

कायदे आहेत. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास लिहून ठेवले होते, पण तो पाच किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या धंद्याला. आमच्याकडं प्रत्येक गाडी वेगळ्या नावावर, कागदावर पाच माणसं दिसायची कुठून? आता नव्या कामगार संहिता आल्यात, त्यानं आमच्या गेटवर काही हललेलं मला तरी दिसलं नाही. पेपरच्या कर्मचाऱ्यांसाठी मजिठिया वेतन आयोग २०११ ला लागू झाला, २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शिक्कामोर्तब केलं. पण आम्ही पेपरचे कर्मचारीच नाही. आम्ही ठेकेदाराचे, आणि ठेकेदार म्हणतो गाडी तुझी, तूच मालक. हे एवढं बोलून पुढं जातो, कारण कायद्याच्या गप्पांनी आमच्या गेटवरचं घड्याळ हलत नाही.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीला आपल्याकडं वृत्तपत्र विक्रेता दिन साजरा होतो. चांगली गोष्ट आहे. कलामसाहेब लहानपणी रामेश्वरमला पेपर टाकायचे. दुसऱ्या महायुद्धात तिथं रेल्वेचा थांबा बंद झाला, तेव्हा चालत्या गाडीतून गठ्ठे खाली फेकायचे आणि ते गोळा करायला त्यांच्या चुलतभावानं त्यांना मदतीला घेतलं होतं. ही गोष्ट भाषणात सांगताना सगळे गठ्ठा झेलणाऱ्या पोराबद्दल बोलतात, बोलायलाच पाहिजे. पण दरवेळी माझ्या मनात येतं, फेकणारा कोण होता? एप्रिल २०२० मध्ये राज्यात घरोघर पेपर टाकायला बंदी आली, त्यावर कोर्टात भांडण झालं, दोन-चार दिवसांत आदेश बदलला. तेव्हाही विक्रेत्यांचं बोललं गेलं, संपादकांचं बोललं गेलं. नाक्यानाक्यावर पास दाखवत जाणाऱ्या ड्रायव्हरचं नाव कुठं आलेलं मला आठवत नाही.

आम्हाला दिन नको, शाल-नारळ पण नको. माझी मागणी साधी आहे. गाडी गेटमधून ज्या मिनिटाला बाहेर पडते ती वेळ गेटपासवर पडू दे, आणि पोचायची वेळ तिथून मोजा. अंगठा लावायचं मशीन प्लँटमध्ये आहे, सीसीटीव्ही आहे, काट्यावर वजन होतं त्याची पावती वेळेसकट निघते. फक्त आमच्या सुटायच्या वेळेलाच पेन लागतं, हे कसं काय? ज्या दिवशी उशीर प्लँटमध्ये झाला तो प्लँटच्या नावावर लागेल, त्या दिवशी आतली पाच-दहा मिनिटं आपोआप जपून वापरली जातील असं माझं मत आहे.

"तुम्ही सावकाश चालवा, कोण काय करतंय" असं सांगणारे भेटतात. आमच्यातल्या एकानं तसं केलं होतं. महिनाभर ठरवून चाळीस-पन्नासच्या वर गेला नाही. भाड्यातून कापाकापी झाली, मग त्याची लाईन दुसऱ्याला दिली. आता तो गोकुळ शिरगावला कंपनीच्या बसवर आहे, रात्री झोपतो, तब्येत सुधारली आहे. त्याच्या जागी आलेला पोरगा बावीस वर्षांचा आहे आणि चांगला पळवतो, एजंट खूश आहेत.

ठेकेदाराला हे सगळं मी तोंडावर बोललोय. तो म्हणाला, सगळ्या ड्रायव्हरांच्या सह्यांचा अर्ज आणा, मी वर देतो. अर्ज लिहून झाला आहे, आमच्या लाईनच्या सह्या चालू आहेत. नाशिक-जळगाव, सोलापूर-लातूर, नागपूर-चंद्रपूर, जिथं कुठं कुणी पेपरची गाडी चालवत असेल त्यांनी खाली एवढंच लिहा की तुमच्याकडं गेटपासवर वेळ खरी पडते का. पडत असेल तर गेटपासचा फोटो पाठवा, पेपरचं नाव झाकून. अर्जाला जोडायचा आहे.