पिठाच्या चाळणीतून नारळ पडत नाही, मामी

मंगळवारी रात्री साडेदहाला मामींचा फोन. "अरे, गुरुवारचं डायलिसिस चुकवलं तर चालेल का? ह्यांच्या प्लेटलेट धुऊन निघतायत म्हणे." मामांचा प्लेटलेटचा (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींचा) ताजा काउंट होता १ लाख ३० हजार आणि सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज असा: डायलिसिसचं मशीन प्लेटलेट गाळून टाकतं, काउंट दीड लाखाखाली गेला की डायलिसिसची एक पाळी सोडा, रक्त पातळ करायचं इंजेक्शन घेऊ नका, रोज सकाळी अर्धी वाटी पपईच्या पानांचा रस द्या. खाली हात जोडलेले दोन इमोजी.

आधी गाळण्याचं बघू. डायलायझर म्हणजे मशीनला जोडलेलं, रक्त गाळणारं एक नळकांडं, आत केसासारख्या हजारो पोकळ नळ्या. त्यांच्या भिंतींतली छिद्रं नॅनोमीटरमध्ये मोजतात. प्लेटलेट दोन-तीन मायक्रोमीटरची, म्हणजे छिद्राच्या शेकडो पट मोठी. युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम पलीकडे जातं, प्लेटलेट जात नाही. पिठाच्या चाळणीतून नारळ पडेल का?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. रक्त परक्या पृष्ठभागाला लागलं की काही प्लेटलेट चिडतात, भिंतीला चिकटतात. पहिल्या तासाभरात काउंट थोडा उतरतो आणि बहुतेकांचा संपेपर्यंत सावरतोही. काहींचा सावरत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा या प्रांतांत असे रुग्ण सापडले, तो अभ्यास २०११ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. संबंध निघाला तो इलेक्ट्रॉन-बीमने, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने, निर्जंतुक केलेल्या डायलायझरशी. मग तिथल्या डॉक्टरांनी डायलिसिस बंद केलं का? नाही, डायलायझर बदलले आणि असे रुग्ण कमी झाले. हे फॉरवर्ड करणाऱ्याने वाचलं असतं तर मामींची झोप तरी वाचली असती.

इंजेक्शनचं थोडक्यात. ते हेपारिन. क्वचित कुणाला त्यानेच काउंट पडतो. साधारण पाच ते दहा दिवसांत निम्म्यावर किंवा त्याखाली येतो आणि उलट गुठळ्या होतात. तसा संशय आला तर हेपारिन थांबवायचंच, पण ते डॉक्टरांनी. सरसकट नाकारलं तर नळ्यांत रक्त गोठू शकतं आणि त्या रक्ताबरोबर प्लेटलेटही जातात.

आता पपई. डेंग्यूत या पानांवर काही छोटे अभ्यास झालेत, म्हणून ती प्रत्येक रिपोर्टवर चोळायची? मामांचा चहासुद्धा मामी कप मोजून देतात. शहाळं बंद, भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून. कशासाठी? पोटॅशियमसाठी. किडनी ते बाहेर टाकत नाही, डायलिसिस टाकतं. मग त्याच माणसाला ताज्या पानांचा रस पाजायचा, ज्यात पोटॅशियम किती हे घरात कुणाला ठाऊक नाही, आणि वर पोटॅशियम काढणारी पाळीही चुकवायची! रक्तात ते चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि बंदही पडू शकतात, तेही बहुतेक वेळा आधी काहीच त्रास न जाणवता. दीड लाखाच्या जरा खाली गेलेल्या काउंटला घाबरून हे करायचं?

आणि गंमत अशी, की किडनी निकामी झालेल्यांत रक्तस्राव होतो तो बरेचदा काउंटमुळे नाही. साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे प्लेटलेट असूनही नीट चिकटत नाहीत. डायलिसिसने ती द्रव्यं उतरतात आणि प्लेटलेटचं काम थोडंफार सुधारतं. म्हणजे प्लेटलेट वाचवायला पाळी सोडली, की आहेत त्याही कुचकामी.

मामींना एवढंच सांगितलं, की गुरुवारी जुने तीन रिपोर्ट बरोबर न्या, काउंट दर वेळी उतरतोय का ते डॉक्टरांना बघू द्या. हिरड्यांतून रक्त आलं, किंवा सुई काढल्यावर फिस्टुलाचं (डायलिसिसची सुई टोचायला हातात जोडलेल्या रक्तवाहिनीचं) रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबेना, तर तिथल्या तिथे सांगा. मामी थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "पानं धुऊन ठेवलीयत रे, मिक्सरशेजारी." म्हटलं, कुंडीत टाका.