दोघांना घरी ठेवून या

आज जरा लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

गोष्ट १९५१ सालची. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ, जेझुइट पाद्र्यांनी चालवलेलं, तसं लहानच कॉलेज. त्यांचा फुटबॉल संघ, नाव 'डॉन्स'. फुटबॉल म्हणजे अमेरिकन हं, लांबुळका चेंडू काखेत मारून पळायचा तो. मला त्याचे नियम निम्मेच कळतात, पण या गोष्टीत त्यावाचून काही अडत नाही. त्या हंगामात त्यांचे नऊ सामने झाले आणि नऊही त्यांनी जिंकले.

संघात ऑली मॅटसन होता. चेंडू घेऊन हंगामभरात १,५६६ यार्ड पळाला. त्या वर्षी देशातल्या कॉलेजांत कुणीच इतकं पळालं नाही. न्यूयॉर्कला फोर्डहॅमविरुद्धचा सामना जेमतेम सुटला, ३२-२६. त्यात समोरच्यांनी लाथाडलेला चेंडू आपल्या टोकाला झेलायचा आणि थेट त्यांच्या टोकाला नेऊन टेकवायचा, हे या पठ्ठ्याने एकाच सामन्यात दोनदा केलं. अकरा धिप्पाड गडी अंगावर धावून येत असताना! बचावात बर्ल टोलर होता. मॅटसन आणि टोलर, संघातले दोघेच काळे.

हंगाम संपला की चांगल्या संघांना 'बाउल' सामन्यांची निमंत्रणं येतात. मान असतो, आणि पैसाही. कॉलेजला तो पैसा हवाच होता, फुटबॉलचा खर्च झेपेनासा झाला होता. मायामीच्या ऑरेंज बाउलकडून निरोप आला तो असा: या, पण त्या दोघांना घरी ठेवून या.

खेळाडूंनी पुढे सांगितलेल्या आठवणींत एक गोष्ट सारखी येते. मतदान झालं नाही, बैठक बसली नाही. नाही म्हणजे नाही, एवढ्यावर विषय संपला.

चारचौघांत मात्र डॉन्सना निमंत्रण न मिळण्याचं कारण वेगळं फिरलं. म्हणे डॉन्सचे प्रतिस्पर्धी दुबळे होते. आणि गंमत बघा, ते अगदीच खोटंही नव्हतं. नऊतले दोन सामने लष्करी तळांच्या संघांशी होते. असल्या कारणात थोडं खरं असावंच लागतं, नाहीतर ते चालत नाही. त्याच ऑक्टोबरात ओक्लाहोमात जॉनी ब्राइट या काळ्या खेळाडूचा जबडा भर मैदानात फोडला गेला, वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. निदान ते दिसलं तरी. 'दुबळे प्रतिस्पर्धी' याचा फोटो कसा काढणार?

हे सगळं मला का झोंबतं, तेही सांगतो. कॉलेजात आमचा कबड्डीचा संघ होता. आमचा सगळ्यात चांगला चढाई करणारा गडी विभागीय स्पर्धेच्या यादीतून उडाला. बोर्डावर कारण लिहिलं होतं, 'सरावाला गैरहजर'. दोन दिवस आला नव्हता, खरंच. माझे चार दिवस बुडाले होते आणि माझं नाव यादीत होतं. खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही काय केलं? गेलो. एसटीत गाणी म्हणत गेलो. परत येताना त्याच्यासाठी पेढे आणले. त्याने ते घेतले, हसला, आणि पुन्हा कधी मैदानावर आला नाही. त्या पेढ्यांचा खोका मला अजून दिसतो.

म्हणून डॉन्सना 'महान त्याग' वगैरे हार घातलेले पाहिले की मला अवघडायला होतं. त्यांना स्वतःला ते साधं वाटलं होतं. आमच्यासारख्यांना ते महान वाटतं, कारण आम्ही एसटीत बसलो होतो.

पुढे काय झालं? हंगाम संपताच कॉलेजने तो संघच बंद केला. प्रशिक्षक जो कुहारिच व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरला कांस्य आणि रिलेत रौप्य मिळवलं. तो, जिनो मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर, एकाच कॉलेज संघातले तिघे, व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. ऑरेंज बाउल ठरल्या दिवशी झाला, दुसरे दोन संघ खेळले, स्टेडियम काही ओस पडलं नाही.

टोलरचा गुडघा १९५२ सालीच एका सामन्यात कायमचा गेला. व्यावसायिक खेळाडू व्हायचं राहिलं. तो शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला आणि १९६५ मध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, पहिला काळा पंच झाला. तेव्हा एनएफएलचा प्रमुख होता पीट रोझेल. हा रोझेल १९५१ साली कोण होता, तर याच डॉन्सच्या बातम्या पेपरवाल्यांना पुरवणारा पोरगा.

डॉन्सचा शेवटचा सामना झाला होता पॅसाडेनाच्या रोझ बाउल स्टेडियममध्ये, लोयोलाविरुद्ध, २०-२. जानेवारी १९८० मध्ये सुपर बाउल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, तिथेच भरला. लाखावर माणूस जमलं होतं. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून टोलर त्याच मैदानावर उभा होता. या वेळी कुणाला विचारावं लागलं नव्हतं.