खिशात पैसे नसले तरी समुद्र पाहावा

आज दुपारी तालुक्याच्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शनाचा कार्यक्रम होता. कापूस वेचणीची मजुरी साठवून कोकणचा किनारा पायी फिरायचा विचार आहे, तर तयारी कशी करावी, असे बी.ए.च्या एका मुलाने उभे राहून विचारले. मंचावरच्या पाहुण्यांनी त्याचा प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. "आधी कमवायला शीक, मग फिरायला जा, पैशांवाचून फिरणे म्हणजे लोकांच्या दारात भीक मागणे," असे ते म्हणाले आणि अर्धे सभागृह हसले. तो मुलगा मान खाली घालून बसला, तो कार्यक्रम संपेपर्यंत वर पाहीना. घरी येऊन चार तास झाले तरी माझे डोके शांत झालेले नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

हे वाक्य वऱ्हाडात उच्चारले गेले, याचा मला सर्वांत जास्त राग आला. आपल्याच शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला पायी जाते, महिनाभर चालते, वाटेतल्या गावागावांत पंगती बसतात, लोक वारकऱ्यांचे पाय धुतात आणि कुणाच्याही तोंडून भीक हा शब्द निघत नाही. विनोबा 1951 पासून 1964 पर्यंत भूदानासाठी देशभर पायी फिरले. रोज नव्या गावात मुक्काम आणि गावाने दिलेले जेवण. त्यांचा जन्म कोकणातला, रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचा, आणि कर्मभूमी आपल्या वर्ध्याजवळचे पवनार. त्यांच्या जयंतीला हार घालणारी माणसेच आज एका मजुराच्या पोराला हसली.

काही वर्षांपूर्वी घरचा हरभरा निघाल्यावर मी मूर्तिजापूरहून विदर्भ एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसलो. पिशवीत आईने केलेल्या दशम्या, फुटाणे, गूळ, एक चादर आणि पाण्याची बाटली एवढेच होते. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली आणि तिथून दक्षिणेकडे चालायला लागलो. अलिबाग, चौल, रेवदंडा, काशीद, मुरूड असा तो रस्ता खाली उतरत जातो. महाराष्ट्राचा किनारा सुमारे 720 किलोमीटरचा असल्याचे शाळेत पाठ केले होते. पण त्यातला एक-एक किलोमीटर कशाचा बनलेला असतो, ते पाठ करून कळत नाही. पुळण म्हणजे वाळूचा पट्टा संपला की खडक लागतो, खडक ओलांडता येत नसेल तर जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या वाटेने, म्हणजे पाखाडीने, वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर चढावे लागते, तिथे आपल्या मे महिन्यासारखे ऊन असते, आणि पलीकडे उतरले की पुन्हा सुरूची झाडे आणि पुन्हा वाळू. आपल्याकडचा घाम वाऱ्याने वाळून जातो. तिथला अंगावरच राहतो, आणि पाण्याबरोबर मिठाचा खडा तोंडात टाकला नाही तर दुपारपर्यंत पायांत गोळे येतात. कोरड्या वाळूत पाय रुततात, म्हणून लाटेने नुकत्याच सोडलेल्या ओल्या, घट्ट वाळूवरून चालावे लागते, आणि ती वाळू कधी मिळणार हे समुद्र ठरवतो.

हे मला ज्या बाईने शिकवले, तिच्याबद्दल सांगायला हवे, कारण त्या पाहुण्यांचे वाक्य ऐकताना मला तीच आठवत होती. बागमांडल्याहून सावित्री ओलांडून मी वेश्वीला उतरलो, पुढे वेळास आणि केळशी मागे टाकली, आणि आंजर्ल्याच्या अलीकडे एका लहानशा खाडीच्या तोंडाशी आलो. संध्याकाळ होत आली होती. पाणी गुडघाभर दिसत होते, म्हणून मी पायजमा वर खोवून उतरणार, तेवढ्यात काठावर जाळे दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी हाक मारून थांबवले. आज दशमी आहे, साडेसातला पूर्ण भरती आहे, पाणी चढते आहे, असे त्यांनी बजावले. मी विचारले, घड्याळ नाही, कागद नाही, तर कळले कसे? त्यांनी बोटांवर हिशेब करून दाखवला: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. म्हणजे रोज पाऊण-एक तासाने भरती पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, त्यात चढउतार कमी. आमच्या घरी पंचांग फक्त एकादशीसाठी आणि लग्नाच्या मुहूर्तासाठी उघडले जाते.

त्या रात्री मी त्यांच्या पडवीत झोपलो. कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी त्यांनी वाढली.

जेवताना त्यांनी गावाची विचारपूस केली. मी सांगितले की आमचा खारपाणपट्टा आहे, विहिरीचे पाणी इतके खारे की पिके करपतात आणि माणसांच्या पोटात ते जिरत नाही. त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या परसातली विहीर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होती आणि तिचे पाणी गोड होते. मी ते प्यायलो तेव्हा मलाही खरे वाटेना. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणारे आम्ही खारे पाणी पितो आणि समुद्राला टेकून राहणाऱ्या त्या गोड पाणी पितात, याचे आम्हा दोघांनाही सारखेच नवल वाटले. 1930 मध्ये दांडीला मीठ उचलले गेले, त्या सुमारास आपल्या अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला लोकांनी विहिरीच्या पाण्यापासूनच मीठ काढून कायदा मोडला होता, हेही मी त्यांना सांगितले. कोकणातल्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तेही तेच वर्ष. समुद्र आपला नाही असे म्हणणाऱ्या माझ्या वऱ्हाडी मित्रांनी याचा थोडा विचार करावा.

आता त्या पाहुण्यांना विचारतो, यात भीक कुठे आहे? दुसऱ्या दिवशी पाणी उतरायला दुपार होणार होती, तोवर मी लाकडे फोडली आणि मासळी वाळत घालायला मदत केली. पैसे पुढे केले तर आजी रागावल्या. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, बोंड कसे लागते ते त्यांनी कधी पाहिले नव्हते, म्हणून पुढच्या वेचणीच्या वेळी मी बोंडांसकट एक फांदी पार्सलने पाठवली, आणि ती दाराला टांगल्याचा निरोप शेजारच्या मुलाने फोन करून दिला. मालवणच्या बाजूला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांच्या रांगेत मी दोराला हात लावला, तेव्हा जाळे किनाऱ्याला लागल्यावर चार बांगडे न मागता माझ्या पदरात पडले. पैसा नसणाऱ्या माणसाजवळ हात असतात, बातम्या असतात, ऐकून घेण्याइतका वेळ असतो. जो गाडी करून जातो, हॉटेलात उतरतो आणि बिल चुकवून निघतो, त्याने देण्याघेण्याचा हिशेब पूर्ण केला आणि आजींकडे जेवणाऱ्याने केला नाही, हे मी कदापि मान्य करणार नाही.

सगळेच असे फिरू लागले तर किनाऱ्यावरच्या गरीब माणसांना भार होईल, असे कोणी म्हणेल. होईल, तेवढे खरे आहे. म्हणून एका दारात एकच रात्र राहावे. मुलींना आज हे मुलांइतके सोपे नाही, हेही कबूल करतो, आणि त्याची लाज मुलींना नव्हे, आपल्याला वाटली पाहिजे.

मला संताप येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. काही ठिकाणी रिसॉर्टच्या भिंती थेट वाळूपर्यंत आणून ठेवल्या आहेत आणि पायी चाललेल्या माणसाला रखवालदार हटकतो. भरतीच्या रेषेखालची वाळू कुणाच्याही सातबाऱ्यावर नसते, ती सरकारची म्हणजे सर्वांची असते, आणि किनाऱ्यावरच्या बांधकामावर 1991 पासून केंद्राच्या अधिसूचनेने निर्बंध आहेत. मला अडवले गेले तेव्हा कपड्यांकडे पाहून अडवले गेले. शेजारून कॅमेरे घेऊन गेलेल्या मंडळींना कुणी काही विचारले नाही. पैशांवाचून फिरू नये असे सांगणारे लोक नकळत त्याच रखवालदाराच्या बाजूला जाऊन उभे राहतात, मग ते मंचावर असोत की फाटकाशी.

एवढे लिहिल्यावर राग थोडा उतरला आहे. ते पाहुणे वाईट गृहस्थ नसतील. कर्जातून वर आलेल्या घरातला माणूस पैशाला भिऊनच बोलतो, माझे वडीलही तसेच बोलत. मी निघालो तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि परत आल्यावर त्या गोड विहिरीची गोष्ट त्यांनी पारावर स्वतः होऊन इतक्या वेळा सांगितली की ऐकणाऱ्याला वाटावे, तेच जाऊन आले. आजींनी बोटांवर केलेला हिशेब त्यांनाही पाठ झाला होता.

तर त्या मुलाला आणि त्याच्यासारख्या सर्वांना तयारीबद्दल सांगतो, कारण त्याचा प्रश्न तयारीचाच होता. कापूस, तूर, हरभरा निघाल्यावर फेब्रुवारी-मार्चात जावे. वेळासला त्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात, ती पाहता येतात. पावसाळ्यात किनाऱ्याने चालू नये. जून-जुलैत तर यांत्रिक बोटींनाही मासेमारीची बंदी असते. आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या मोठ्या खाड्या बोटीने ओलांडाव्यात. पायी माणसाला भाडे किरकोळ पडते. लहान खाडीच्या तोंडाशी पाणी कितीही उथळ दिसले तरी काठावरच्या माणसाला विचारल्याशिवाय उतरू नये. मुक्कामासाठी देवळाचा सभामंडप मागावा, आणि तो अंधार पडण्याआधी, पुजाऱ्याला किंवा गुरवाला विचारून मागावा. पायांत नवी चप्पल घालू नये. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या पुरचुंडीत बांधून ठेवावेत आणि कितीही भूक लागली तरी त्यांना हात लावू नये.