मार्क भेटले, आता खेळायचं कायले?

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक वाद ठरलेला असतो, यावेळी तो जास्तच पेटला कारण माझ्या भाच्यालाच खेळाचे वाढीव मार्क भेटले. आपल्याकडे राज्य, राष्ट्रीय पातळीपर्यंत खेळलेल्या पोरांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण देतात, ते. आमच्या काकांचं म्हणणं की हे मार्क बंदच करा, कोणी खेळत नाही असे खेळ शोधून आईबाप पोरांना त्यात घुसवतात अन् सर्टिफिकेटं गोळा करतात. भाऊजींचं म्हणणं, मार्क आहेत म्हणून तर लोक पोरांना ग्राउंडवर पाठवतात, ते काढले तर नागपुरात ट्यूशन बुडवून कोण पाठवणार? मला दोघांचंही पटतं. पण ज्याच्यावरून वाद सुरू आहे तो भाचा, शाळेच्या टीममध्ये नेटजवळ इतकं सुंदर व्हॉलीबॉल खेळणारा पोरगा, त्यानं निकालानंतर बॉलला हात लावलेला नाही. फोनवर विचारलं तर म्हणाला, "मामा, मार्क तर भेटले ना, आता खेळायचं कायले?"

मी राहतो नॉर्वेत, स्टाव्हांगरला. तेलाच्या कंपन्यांचं गाव, बाराही महिने पाऊस अन् वारा, डिसेंबरात दुपारी चारच्या आत अंधार. माझी पोरगी इथल्या एका क्लबात फुटबॉल खेळते अन् इथं लहान पोरांच्या टीमला कोच म्हणजे बहुतेक वेळा कोणाचेतरी आईबापच असतात, तसा मीही हाताखाली असतो, म्हणजे प्रॅक्टिससाठी प्लास्टिकचे कोन मांडणे, बुटाच्या लेस बांधणे, रडणाऱ्याला समजावणे.

इथले नियम ऐकले तर आमचे काका चक्रावतील. नॉर्वेच्या क्रीडा महासंघानं लहान पोरांच्या खेळासाठी १९८७ मध्ये नियम केले अन् २००७ मध्ये त्याला पोरांच्या हक्कांची जोड दिली. अकरा वर्षांचं होईपर्यंत गुणतालिका नाही, रँकिंग नाही. तेरा वर्षांचं होईपर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद वगैरे भानगड नाही. कोणता खेळ खेळायचा, किती खेळायचा, यात पोराचं मत विचारायचं. पोरांच्या फुटबॉलमध्ये तर असं आहे की एखादी टीम चार गोलांनी मागे पडली तर तिला एक खेळाडू जास्तीचा उतरवता येतो. एका शनिवारी आमच्या पोरी अशाच मागे पडल्या होत्या, पाऊस आडवा येत होता, तेव्हा बाहेर बसलेली एक पोरगी आत गेली, तिनं एकदाच बॉल अडवला, तोही पोटावर घेऊन, अन् सगळ्या पोरी तिच्याकडे धावत गेल्या. मॅच हरलोच. घरी जाताना गाडीत स्कोअर कोणी काढला नाही, ती पोटावर घेतलेला बॉल किती जोरात होता हीच चर्चा. आठवड्याच्या प्रॅक्टिसला ती पोरगी सगळ्यांच्या आधी हजर होती.

आता ग्रुपवर लगेच उत्तर येतं की असे लाड करून मेडल येत असतात काय. तर येतात. नॉर्वेची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास आहे, आपल्या नागपूर जिल्ह्याचीच २०११ च्या जनगणनेत साडेशेहेचाळीस लाख होती. या एवढ्याशा देशानं २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्ण घेतले, तेव्हाचा विक्रम होता तो. बर्फाचे खेळ सोडा, पॅरिसलाही २०२४ मध्ये यांचे ४ सुवर्ण धरून ८ मेडल आले, आपले ६, अन् त्यात सुवर्ण नाही. फुटबॉलपटू अर्लिंग हालांड इथून गाडीनं अर्ध्या तासावरच्या ब्रीनेचा, तिथल्याच क्लबात वाढलेला. अर्थात पैसा, हॉल, मोकळी जंगलं, पाचला ऑफिस सोडू शकणारे आईबाप हे सगळं यांच्याकडे आहे, त्यामुळे नियम उचलून नागपुरात लावले की मेडल सुरू, असं माझं अजिबात म्हणणं नाही. खर्च वाढत चाललाय अन् पोरं मोठी झाली की खेळ सोडतात अशी ओरड इथंही आहे.

माझा मुद्दा मेडलचा नाहीच मुळी. मुद्दा भाच्याच्या त्या प्रश्नाचा आहे.

मानसशास्त्रात याच्यावर एक फार जुना अन् गाजलेला प्रयोग आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन अन् निस्बेट यांनी बालवाडीतली अशी पोरं निवडली ज्यांना चित्रं काढायला मनापासून आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर छान सोनेरी चांदणी अन् लाल रिबीन लावलेलं सर्टिफिकेट देऊ. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी त्याच वर्गात स्केचपेन सहज ठेवून दिले, कोणी काही सांगितलं नाही, बक्षीस नाही, तेव्हा ज्यांना बक्षीस कबूल करून दिलं होतं ती पोरं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे बक्षिसात विष नाही, आधी सौदा करण्यात आहे. जे पोरगं आपल्या आनंदानं करत होतं ते आता मजुरीसाठी करायला लागलं, मग मजुरी थांबली की काम थांबणारच. भाच्याला आठवीपासून घरी सगळे काय सांगत होते, खेळ बेटा, मार्क भेटतील. पोरगं शब्दाला जागलं, त्याला दोष कसा द्यायचा?

एडवर्ड डेसी अन् रिचर्ड रायन या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यावर पुढं कितीतरी वर्षं काम केलं. त्यांचं थोडक्यात म्हणणं असं की माणूस एखाद्या गोष्टीत टिकतो ते तीन गोष्टींवर, ती मी माझ्या मर्जीनं करतोय असं वाटलं पाहिजे, ती मला हळूहळू जमायला लागलीय हे दिसलं पाहिजे, अन् तिथं आपली माणसं पाहिजेत. मी हे वाचलं तेव्हा मला आधी नॉर्वे नाही आठवलं, नागपूरच आठवलं, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आठवली. पहाटे अजून उजाडायचं असतं, उन्हाळ्यात तर सातच्या आधी आटपावंच लागतं कारण नंतर ऊन टिकू देत नाही, अन् ही पोरं घोळक्यानं सोळाशे मीटर मारत असतात, एकजण मोबाईलवर टाइम लावून ओरडत असतो, कोणी मागं पडला की दोघं त्याच्या बाजूला येऊन त्याला ओढत नेतात, "चल बे, हा राउंड मार, सोडू नको". कोणी फी घेत नाही. सरकारी नोकरी हे बाहेरचंच बक्षीस आहे हो, पण ती त्यांनी स्वतः ठरवलेली आहे, बापानं नाही. आठवड्यागणिक सेकंद कमी होताना त्यांना दिसतात. अन् सोबत आहे. सोबतीनं वेग वाढतो हे तर ट्रिप्लेट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १८९८ मध्येच सायकल शर्यतीचे आकडे पाहून लिहून ठेवलंय. यातली बरीच पोरं भरती झाल्यावर पळणं सोडतात हेही खरं, पण जी सोडत नाहीत त्यांना विचारा, बहुतेक वेळा ग्रुप सुटला नाही म्हणून पळणं सुटलं नाही असंच उत्तर येईल.

म्हणून सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही. खोटी सर्टिफिकेटं जरूर पकडा, पण गरीब घरच्या पोराला किंवा पोरीला तो एक खरा दरवाजा आहे, अन् स्टाव्हांगरच्या उबदार हॉलमध्ये बसून त्याला बाहेरचं बक्षीस म्हणून नाक मुरडणं मला शोभणार नाही.

भाऊजींचा दुसरा मुद्दा धाकाचा. त्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे विदर्भाची रणजी टीम, चंद्रकांत पंडित कोच झाले, कडक शिस्त लावली अन् २०१७-१८ मध्ये आपण पहिल्यांदा रणजी जिंकलो, पुढच्या वर्षी परत. खरं आहे, मीही तेव्हा इथं रात्रीबेरात्री स्कोअर पाहत होतो. पण ते क्रिकेट हाच धंदा निवडलेले मोठे खेळाडू होते, त्यांना काय हवंय ते त्यांना माहीत होतं अन् कोच त्यांना तिथं नेत होता. दहा वर्षांच्या पोराला तोच धाक लावला तर ते खेळाला नाही, त्या माणसाला घाबरायला शिकतं.

अन् धाक काय फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. आमच्या शेजारच्या सान्नेस गावचा धावपटू याकोब इंगेब्रिग्टसन, टोकियो ऑलिम्पिकला १५०० मीटरचं अन् पॅरिसला ५००० मीटरचं सुवर्ण. वडीलच कोच. २०२३ मध्ये याकोब अन् त्याच्या दोन भावांनी, तेही धावपटूच, वडिलांनी मारहाण केली, धमकावलं असं जाहीरपणे लिहिलं. केस चालली, २०२५ मध्ये निकाल लागला, याकोबवरच्या छळाच्या आरोपातून वडील सुटले, मुलीला टॉवेलनं मारल्याबद्दल मात्र पंधरा दिवसांची सस्पेंडेड शिक्षा झाली. वडिलांनी आरोप नाकारले होते. कोर्टानं काय ठरवलं ते ठरवलं, पण माझ्या आजूबाजूला, ऑफिसात, क्लबात, त्या काळात याच्यावर रोज बोलणं व्हायचं अन् "पण सुवर्ण तर आलं ना" हे वाक्य मी एकाच्याही तोंडून ऐकलं नाही. आपल्या ग्रुपवर ते पहिलं आलं असतं. मला याचा खरंच त्रास होतो.

नॉर्वेच्या नियमांवर माझाही एक आक्षेप आहे अन् तो नागपूरमुळेच आहे. आपल्या दिव्या देशमुखनं सात वर्षांखालची बुद्धिबळाची राष्ट्रीय स्पर्धा २०१२ मध्ये जिंकली, अन् २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला वर्ल्ड कप जिंकला, ग्रँडमास्टर झाली. ज्या पोरीला स्वतःला इतक्या लवकर लढायचंय तिला तेरा वर्षांपर्यंत थांब म्हणणं हा अन्यायच झाला असता. अशा पोरांना रस्ता मोकळा पाहिजे. पण एका दिव्याकडे बोट दाखवून वर्गातल्या बाकी चाळीसजणांना रँकिंगला जुंपायचं अन् मग जे मागं राहिले त्यांना बाकावर बसवायचं, हे तर तिच्या नावाचा गैरवापर करणं झालं.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर कोणीच बोलत नाही, ती म्हणजे थकलेलं डोकं. मार्कोरा नावाचा संशोधक अन् त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सोळा जणांना दीड तास डोक्याला ताण देणारं काम करायला लावलं अन् मग दम निघेपर्यंत सायकल चालवायला सांगितली. हृदय, फुप्फुसं नेहमीसारखीच चालत होती, तरी सरासरी ७५४ सेकंद टिकणारी माणसं ६४० सेकंदांतच थांबली, कारण तेवढीच मेहनत त्यांना जास्त जड वाटत होती. हा प्रयोग मोठ्यांवरचा आहे. पण भाच्याचा आत्ताचा दिवस पाहा, सकाळी कॉलेज, संध्याकाळी क्लास, काही दिवस टेस्ट सिरीज, अन् आठ वाजता ताई म्हणते थोडं खेळून ये तर हा पलंगावर पडतो, अन् मग भाऊजी म्हणतात "आळशी झाला, मोबाईलनं बिघडवला". मोबाईल असेलही. पण त्या वेळी त्याच्या पायात जोर असून उपयोग नसतो, डोकं नाही म्हणत असतं.

मग मार्क ठेवायचे की काढायचे? माझं मत, ठेवा, पण प्रॅक्टिसमध्ये बुडालेल्या अभ्यासाची भरपाई म्हणून ठेवा अन् घरात त्याचं आमिष दाखवणं थांबवा. काकांना जो घोटाळा दिसतो तो आमिषातूनच येतो. अन् भाऊजींना जी भीती आहे की मार्काशिवाय कोणी येणार नाही, त्याचं उत्तर मार्कात नाही, दहावीनंतर खेळायला जागा अन् टीम आहे की नाही यात आहे. भाच्याला मी परत फोन केला तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. अकरावीच्या कॉलेजात टीम आहे, पण पहिल्या सहात असलेल्यांनाच खेळवतात, बाकीच्यांनी बॉल आणून द्यायचे. शाळेची पोरं पांगली. "एकटा कोणासोबत खेळू मामा?"

म्हणून मी भाऊजींना ग्रुपवर नाही, वेगळा मेसेज टाकलाय. कॉलनीतल्या मोकळ्या मैदानावर नेट लावायचा खर्च माझा. आठवड्यातून तीन दिवस, क्लासच्या आधी, संध्याकाळी साडेपाचला, उन्हाळ्यात पहाटे. सिलेक्शन नाही, जो येईल तो खेळेल, पोरीसुद्धा, अन् टीम रोज नव्यानं पाडायच्या. भाच्याच्या शाळेच्या टीममधली पोरं कुठं कुठं आहेत ते त्यानंच शोधायचं, आपण नाही. भाऊजींनी फक्त एक करायचं, खेळून आल्यावर "किती मार्क भेटतील याचे" हे विचारायचं नाही. त्यांचं उत्तर आलंय, "मैदानाचं बोलतो सेक्रेटरीशी, पण टेस्ट सिरीजच्या दिवशी जमणार नाही." दोन दिवस तर दोन दिवस, मी हो म्हटलंय.