मारबत दिसली का, बावा?

मी जन्मानं नागपूरकर, वय वर्षे ४७, आणि मी मिरवणुकीतली मारबत धड पाहिलेली नाही. ही गोष्ट मी चारचौघांत सांगत नाही. संत्र्याची ॲलर्जी आहे म्हटलं तर लोक एकवेळ माफ करतील, हे नाही करणार.

प्रयत्न कमी पडले असं नाही. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून गेलो, तर मारबत यायच्या पाच मिनिटं आधी मामाच्या डोक्यावर डोकं ठेवून झोपलो. कॉलेजात असताना ऐन वेळी डाव्या पायातली चप्पल गर्दीत गेली आणि मी खाली वाकलो. वर पाहिलं तेव्हा मारबत पुढे गेली होती, आणि चप्पल तर त्याहून पुढे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बायको हरवली. दीड तास शोधली. ती एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून दोन्ही मारबती आरामात पाहून आली होती. 'तुम्ही कुठं होते? काय सुंदर दिसली!'

यंदा पुण्याचा साडू बायको आणि सहा वर्षांच्या पोरासह पोळ्याला आमच्याकडे आला आणि मी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. साडूनं आदल्या रात्री विचारलं, "मिरवणूक नेमकी किती वाजता निघते?" मी म्हटलं, "सकाळी." तो म्हणाला, "सकाळी म्हणजे?" मी म्हटलं, "म्हणजे निघाली की सकाळ." त्यानं मोबाईलमध्ये काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं असेल, देव जाणे.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी, नागपुरात दोन अवाढव्य पुतळ्यांची मिरवणूक निघते, काळी मारबत आणि पिवळी मारबत. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, असं सांगतात. पिवळी जागनाथ बुधवारीत तऱ्हाणे तेली समाजाची. तिला बाया देवी मानून हात जोडतात, लेकरांना तिच्या पायाशी नेतात. काळी मात्र दुष्ट. तिच्यात कोणी पूतना पाहतं, कोणी भोसल्यांच्या घरातली बाकाबाई, जी इंग्रजांना मिळाली म्हणून लोकांचा राग. इतवारीत दोघी समोरासमोर येतात आणि शेवटी दोघींनाही जाळतात. चांगलीलाही आणि वाईटलाही. हे साडूला पटवून देताना माझी अर्धी रात्र गेली.

माझ्या आईचं माहेर इतवारीतलं. त्यामुळे बाकाबाईबद्दल ती अशी बोलते, जणू शेजारच्या वाड्यातली बाई आणि उसनी नेलेली परात अजून परत केलेली नाही. "तिनं असं कराले नाही पाहिजे होतं," एवढं म्हणून आई पुरणाला लागली.

सकाळी आईनं दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या मला उचलायला लावल्या. त्या बाहेर नेऊन टाकायच्या आणि ओरडायचं, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!' आमच्याकडे यात खासी, खोकला, ढेकूण, मच्छर सगळं घालून देतात, महानगरपालिकेच्या फवारणीच्या गाडीवर कोणी एवढा विश्वास टाकत नाही. मी फ्लॅट सोसायटीचा सचिव असल्यामुळे जरा दबक्या आवाजात ओरडलो. आमच्या लिफ्टमध्ये नोटीस आहे, 'आवारात आरडाओरडा करू नये.' ती मीच लावली आहे. तिच्याखाली 'पार्किंगमध्ये क्रिकेट खेळू नये' आणि तिच्याखाली 'सचिवांच्या लेखी परवानगीशिवाय आवारात काहीही जाळू नये' अशाही आहेत. अक्षर माझं चांगलं आहे.

निघायला साडेदहा झाले. गाडी काढायचा प्रश्नच नव्हता, मेट्रोनं चितार ओळीला उतरलो. स्टेशनपर्यंत सगळं पुण्यासारखं चाललं होतं, असं साडू म्हणाला. जिना उतरलो आणि पुणं संपलं.

इतवारीतल्या गल्ल्या मुळात दोन सायकली आणि एक गाय यांच्या मापानं केलेल्या. त्यात त्या दिवशी सगळं नागपूर उतरतं. ढोल, ताशे, डीजे, फुगे, पिपाण्या, आणि वरून भादव्याचं ते ओलं ऊन, ज्यात माणूस वाळतही नाही नि भिजतही नाही, नुसता शिजतो. गच्च्यांवर, खिडक्यांत, पत्र्यांवर माणसं. आईला मात्र दहा मिनिटांत जागा मिळाली. एका सराफाच्या ओट्यावर तिनं फक्त आपल्या वडिलांचं नाव सांगितलं आणि खुर्ची आली. मग पाणी आलं. मग पंखा तिच्याकडे वळवला. मी मागोमाग ओट्यावर चढायला गेलो तर मालक म्हणाला, "भाऊ, इथं फॅमिली आहे." मी म्हटलं, "ही माझी आई आहे." तो आईकडे पाहू लागला. आई पंख्याची हवा घेत होती.

भाचा म्हणाला, "काका, मला दिसत नाही." घेतला खांद्यावर. पुढच्या माणसानंही त्याची पोरगी खांद्यावर घेतली होती. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर बरोबर एक गुलाबी फ्रॉक, त्यावर सात बदकं. ती बदकं मी आजही काढून दाखवू शकतो.

पहिल्यांदा बडगे आले. हे मारबतीचे पुरुष नातलग म्हणा. वर्षभरात ज्याचा ज्याचा लोकांना राग आला त्याचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची आणि वाजतगाजत न्यायचा. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, रस्त्यातल्या खड्ड्यांचा बडग्या. संपादकीय लिहिण्यापेक्षा हे बरं, वाचायला लोक स्वतः रस्त्यावर येतात. भाचा वरून मला पाट्या वाचून दाखवत होता, पण नुकताच जोडाक्षरं शिकलेला. 'भ' नंतर इतका वेळ थांबला, की भ्रष्टाचार पुढच्या चौकात गेला.

आणि मग आरोळी उठली. आली! काळी आली! माणसांचा एक लोट मागून आला आणि मला, भाच्याला, बदकांना घेऊन पुढे गेला. "काका, केवढी आहे! काका, जीभ बघा!" मी टाचा वर केल्या. त्याच क्षणी भाच्यानं आनंदानं दोन्ही हात माझ्या चष्म्यावर मारले. एक काच त्याच्या मुठीत, दुसरी इतवारीत. त्यानंतर मला एक काळा ढग दिसला. थोड्या वेळानं एक पिवळा ढग. माझ्या वाट्याला मारबत आली ती एवढीच.

साडू कुठं होता? तो तर्री पोहे खायला थांबला होता. 'थोडी तर्री वाढवा' असं म्हणाला असावा, कारण भेटला तेव्हा डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी आणि बोलणं बंद. त्यामुळे वेळापत्रकाची चौकशी कायमची थांबली. त्याची बायको आणि माझी बायको? साडीच्या दुकानाच्या पायरीवर.

तीनच्या सुमारास आम्ही कॉलनीत परतलो. आईचा चेहरा तेवढा ताजा होता. गेटपाशी ढोल वाजत होता, तोही तेलाच्या डब्याचा. कॉलनीतल्या पोट्ट्यांनी स्वतःचा छोटा बडग्या काढला होता. घरून जुना चष्मा आणून लावला आणि गेटसमोर उभा राहिलो. समोर मोकळा रस्ता, गर्दी नाही, बदकं नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मला सगळं स्वच्छ दिसणार होतं. मी जोर लावून ओरडलो, "घेऊन जा गे मारबत!" पोट्टे जास्तच खूश झाले. मीही जास्तच ओरडलो.

बडग्या जवळ आला. तणसानं भरलेलं गोल पोट. पुठ्ठ्याचा चष्मा. हातात कागदांचा गठ्ठा. आणि पाटी : 'टाकी वाहते अपरंपार, नळाला नाही धार, नोटीस लावणाऱ्याले घेऊन जा गे मारबत.'

"काका," भाचा म्हणाला, "हा शर्ट तुमचा आहे."

निळ्या चौकटीचा. मी बायकोकडे पाहिलं. "रविवारी पोरं जुना शर्ट मागायला आली होती," ती म्हणाली. तो जुना नव्हता. तिला आवडत नव्हता, एवढंच.

आईनं पुढे होऊन बडग्या नीट न्याहाळला. "नाक चांगलं जमलं पोट्ट्यायले," ती म्हणाली.

तेवढ्यात त्यांच्यातला मोठा, पार्किंगमधल्या क्रिकेटचा कप्तान, वहीचं फाडलेलं पान घेऊन अदबीनं माझ्यापुढे उभा राहिला. आवारात बडग्या जाळण्यासाठी सचिवांची लेखी परवानगी मिळावी, असा अर्ज होता. अक्षर त्याचंही चांगलं होतं.

मी खिशातून पेन काढला.

"तारीख टाका," बायको म्हणाली.