‘वापरात नसलेल्या कोडकडे बघू नका’ म्हणणाऱ्यांना

गेल्या रविवारी भाची जेवायला आली होती. खराडीतल्या एका कंपनीत तिची पहिलीच नोकरी, रुजू होऊन चार महिने झालेत आणि वाट्याला आलंय वीसेक वर्षं जुनं बिलिंगचं सॉफ्टवेअर. पानावर बसल्या बसल्या तिने मोबाइल पुढे केला. “मामा, हे बघ ना, आमच्या टीमच्या ग्रुपवर फिरतंय. सगळ्यांना पटलंय.” तोच संदेश संध्याकाळी मला माझ्या कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर आला, रात्री सोसायटीच्या ग्रुपवर. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड समजून घेण्यावर मी पंचवीस वर्षं पोट भरलंय. यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

संदेशात पाच सूत्रं आहेत. एक, चालता प्रोग्राम मध्येच थांबवून आत डोकावू देणारा डीबगर हे कच्च्यांचं साधन, खरा इंजिनिअर कोड नुसता वाचून समजतो. दोन, जुनी कागदपत्रं खोटीच असतात, उघडूही नका. तीन, जो कोड वापरात नाही तो निरुपद्रवी, त्याच्यावर वेळ घालवू नका, दिसला तर उडवा. चार, एआयला अख्खा प्रोजेक्ट द्या, पाच मिनिटांत सगळं समजावून सांगतो. पाच, तरीही कळत नसेल तर नव्याने लिहा.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण ते नुसतं चूक नाही, घातक आहे.

अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर दलाली करणारी मोठी कंपनी होती. 1 ऑगस्ट 2012 च्या सकाळी बाजार उघडल्यावर साधारण 45 मिनिटांत तिचं 46 कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. का झालं, हे तिथल्या बाजार नियामकाने, म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, ऑक्टोबर 2013 च्या आदेशात एकेक पायरी मांडून लिहिलंय. हा संदेश पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने तो आदेश एकदा वाचावा.

कंपनीच्या ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड होता. 2003 पासून त्याचा वापर बंद होता, पण तो काढला कोणी नव्हता. 2005 मध्ये किती शेअर्सची खरेदी-विक्री पूर्ण झाली याची मोजणी ठेवणारा भाग कोडमध्ये दुसरीकडे हलवला. त्यानंतर पॉवर पेग नीट थांबतो की नाही, हे तपासलं नाही. कशाला तपासायचं, वापरात नव्हताच ना! मग 2012 मध्ये नवा कोड आला आणि त्याने पॉवर पेग सुरू करणारा जुनाच फ्लॅग, म्हणजे चालू-बंदची खूण, वेगळ्या कामासाठी घेतला. सर्व्हर आठ होते, नवा कोड सातांवर चढला, आठव्यावर चढवायचा राहिला. सकाळी तो फ्लॅग लावलेल्या ऑर्डर आठव्या सर्व्हरवर पोचल्या आणि नऊ वर्षं निजलेला कोड जागा झाला. मोजणी तुटलेली, त्यामुळे ऑर्डर पूर्ण झाली हे त्याला कळेच ना, तो पाठवतच राहिला. 154 कंपन्यांच्या शेअर्समध्ये 40 लाखांवर व्यवहार झाले.

याहून वाईट पुढे आहे. लोकांनी घाईत नवा कोडच दोषी ठरवला आणि जिथे तो नीट बसला होता त्या सातही सर्व्हरवरून काढून टाकला. म्हणजे आता सातही सर्व्हरवर जुना पॉवर पेग उघडा पडला. बाजार उघडण्याआधी त्यांच्याच यंत्रणेने त्रुटीचे 97 ईमेल पाठवले होते, त्यात पॉवर पेगचं नाव होतं. त्यांवर कोणी हललं नाही.

वापरात नसलेला कोड काढूच नये असं मी म्हणत नाही. काढायलाच हवा होता, 2003 मध्येच. पण काढायच्या आधी तो कशाने सुरू होतो, त्याला कोण हाक मारतं, कुठल्या मशीनवर तो अजून पडलाय, हे शोधावं लागतं. तेच शोधू नका, असं हा संदेश चार महिन्यांच्या अनुभवाच्या मुलांना शिकवतोय. मला राग आहे तो याचा.

आता डीबगर. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आज तीन कोटींहून जास्त ओळी आहेत. त्या ‘नुसत्या वाचून’ समजणारा माणूस जगात नाही, आणि भाचीचं बिलिंगही कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचायची गोष्ट नाही. बिलाची रक्कम डेटाबेसमध्ये लिहिली जाते त्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावायचा, म्हणजे प्रोग्राम तिथे आला की थांबतो, एक बिल काढायचं आणि कॉल स्टॅक, म्हणजे कोणी कोणाला हाक मारत इथवर आलं ती यादी, बघायचा. हजारो फाइलींमधून तिथवर यायचा नेमका रस्ता वीस-तीस नावांत समोर येतो. मग वाचा, काय वाचायचं ते आता माहीत आहे.

माझ्या दुसऱ्या नोकरीत मी तीन दिवस एक सेटिंग बदलत होतो आणि प्रोग्रामवर ढिम्म परिणाम नव्हता. कोड मी चार वेळा वाचला होता. शेजारच्या वरिष्ठाने एस-ट्रेस लावून तोच प्रोग्राम चालवला. हे साधन प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडे काय काय मागतो ते ओळीनं दाखवतं. प्रोग्राम त्याच नावाची, दुसऱ्याच फोल्डरमधली फाइल उघडत होता. दोन मिनिटं लागली. तो माणूस कच्चा नव्हता, आमच्यात सगळ्यांत पक्का होता.

काम अनेक सर्व्हरवर पसरलेलं असेल तर प्रत्येक विनंतीला एक क्रमांक देऊन तो सगळ्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्ये, छापायचा, म्हणजे ती कुठे गेली आणि कुठे अडली ते कळतं. गूगलने आपली अशी व्यवस्था 2010 मध्ये निबंध लिहून जगापुढे मांडली, आज ओपनटेलिमेट्रीसारखी फुकट साधनं आहेत. पुण्यात हे कोणाला नवं वाटू नये. कात्रजच्या तळ्यातून शहरात पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन भुयारी नळावर जागोजाग उच्छ्वास बांधलेत, ते काही शोभेसाठी नाहीत. जमिनीखालचं पाणी बघायला आणि नळ साफ करायला वरून वाट लागतेच.

कागदपत्रांबद्दल अर्धं खरं आहे, मान्य करतो. जुन्या डिझाइनच्या फाइलीत जे लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा पहिल्या वर्षातच कोडपासून सुटतं. पण कोडमधला प्रत्येक बदल नोंदून ठेवणाऱ्या गिटमधला इतिहासही कागदपत्रच आहे आणि तो त्या त्या दिवशी लिहिलेला असतो. एखादा शब्द कोडमध्ये कधी आला आणि कधी गेला हे ‘गिट लॉग’ या आज्ञेला मोठा एस (-S) लावला की समोर येतं. कुठल्या बदलाने बिघडलं ते ‘गिट बायसेक्ट’ प्रत्येक वेळी निम्मे बदल बाद करत शोधतो, हजार बदलांत दहाएक तपासण्या पुरतात. सगळंच खोटं म्हणून उघडायचंच नाही, हा आळस आहे.

एआय मीही वापरतो. अनोळखी फाइलचा सारांश, कुठून सुरुवात करावी याचा अंदाज, यासाठी तो चांगला आहे. पण त्याच्यासमोर असतो तो मजकूर. आठव्या सर्व्हरवर कोणता कोड आहे हे मजकुरात नसतं. डेटाबेसच्या टेबलमध्ये काय भरलंय तेही नसतं. तो सांगतो ते प्रत्येक वाक्य चालत्या प्रणालीवर तपासून घ्यायचं. ते तपासायला पुन्हा वरचीच साधनं लागतात.

पाचव्यावर फार लिहीत नाही. नेटस्केपने 1998 मध्ये जुना कोड बाजूला ठेवून ब्राउझर नव्याने लिहायला घेतला. आवृत्ती 6 आली नोव्हेंबर 2000 मध्ये, पाचवी आलीच नाही, आणि तोवर बाजार मायक्रोसॉफ्टकडे गेला होता.

भाचीचं सांगायचं राहिलं. तिसरं सूत्र वाचून तिने एक फंक्शन, म्हणजे कोडचा नाव दिलेला एक तुकडा, काढून टाकायचा बदल तयार ठेवला होता. एडिटर दाखवत होता की त्याला कोणीही हाक मारत नाही. मी एवढंच विचारलं, त्याचं नाव डेटाबेसमध्ये शोधलंस का? सोमवारी दुपारी तिचा फोन आला. रात्री चालणाऱ्या कामांच्या टेबलमध्ये एका ओळीत ते नाव साध्या मजकुरासारखं लिहिलेलं होतं आणि तारीख होती 31 मार्च. ग्राहकांची जादा जमा रक्कम पुढच्या आर्थिक वर्षात नेणारं काम. तिने बदल मागे घेतला. ते नेमकं कुठल्या सर्व्हरवर चालतं हे तिच्या टीममध्ये कोणालाच सांगता येईना, म्हणून गुरुवारी ती सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसणार आहे.